मर्सेनची ६७ वी संख्या: मूळ नाही हे कळले, अवयव मात्र उशिरा सापडले

दोनचा ६७ वा घात घेऊन त्यातून एक वजा केल्यास १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही २१ अंकी संख्या मिळते. एखादी संख्या मूळ नाही हे ठाऊक असणे आणि तिचे अवयव ठाऊक असणे, या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, याचे हे प्रसिद्ध उदाहरण मानले जाते.

दोनच्या एखाद्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या संख्यांना फ्रेंच धर्मगुरू व गणितज्ञ मारँ मर्सेन यांच्या नावाने ओळखले जाते. अशी संख्या मूळ असण्यासाठी तिचा घातांक मूळ असावाच लागतो. मात्र एवढी अट पुरेशी नाही. ११ हा घातांक मूळ असूनही २,०४७ ही संख्या २३ आणि ८९ यांचा गुणाकार आहे.

मर्सेन यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली. त्यात ६७ चा समावेश होता. ही नोंद चुकीची असल्याचे सिद्ध होण्यास २३२ वर्षे लागली. फ्रेंच गणितज्ञ एद्वार ल्युका यांनी १८७६ मध्ये ही संख्या मूळ नसल्याचे दाखवले. त्यांच्या पद्धतीतून अवयव मात्र मिळत नव्हते.

अवयवांचा शोध

घातांक मूळ असल्यास मर्सेन संख्येचा प्रत्येक मूळ अवयव घातांकाच्या दुपटीच्या पटीपेक्षा एकने अधिक असतो. येथे ही दुप्पट १३४ आहे. त्यामुळे १३५, २६९, ४०३ अशा क्रमातील संख्याच तपासाव्या लागतात. तरीही पहिला अवयव या क्रमात १४,४५,५८० व्या स्थानी येतो. हाती केवळ कागद-पेन्सिल असताना हे काम किती कष्टाचे होते, याची त्यावरून कल्पना येते.

अमेरिकी गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत हे अवयव सादर केले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. गणितज्ञ ई. टी. बेल यांनी नंतर लिहिलेल्या आठवणीनुसार, कोल यांनी एकही शब्द न उच्चारता फळ्यावर दोन्ही आकडेमोडी केल्या. उत्तरे जुळताच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. या शोधासाठी 'तीन वर्षांचे रविवार' लागले, असे कोल यांनी सांगितल्याचेही बेल यांनी नमूद केले आहे.

आजचे महत्त्व

हे २१ अंकी काम आजचा संगणक क्षणार्धात करतो. मूळ भेद मात्र कायम आहे. कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये, कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे ठरवणारी कार्यक्षम रीत मांडली. ती रीतही अवयव सांगत नाही. शेकडो अंकी संख्यांचे अवयव झटपट काढणारी पद्धत सर्वसामान्य संगणकांसाठी अद्याप ज्ञात नाही. १९७७ मध्ये मांडलेल्या 'आरएसए' या संकेतलेखन पद्धतीची सुरक्षितता याच अडचणीवर आधारलेली आहे. गुणाकार सोपा आणि उलटा प्रवास अवघड, हे कोल यांच्या फळ्यावर दिसलेले सत्य आज गोपनीय माहितीचे रक्षण करीत आहे.