नांगर, बांगडी आणि अंगठा

पोरांच्या गणवेशाच्या खिशावर, पतसंस्थेच्या पासबुकावर, साखरेच्या पोत्यावर एक चिन्ह असतं. त्याला आपण मोनोग्राम म्हणतो. शब्द मूळचा ग्रीक. मोनोस म्हणजे एकच, ग्रामा म्हणजे अक्षर. नावातली अक्षरं एकमेकांत गुंफून एकाच अक्षरासारखी आकृती काढली, की तो मोनोग्राम. म्हणजे नुसती पणती किंवा ऊस काढला तर तो खरा मोनोग्राम नव्हे. पण आपल्याकडे सगळ्यालाच तसं म्हणायची रीत पडली आहे, आणि त्यात काही बिघडत नाही.

बाराशे वर्षांपूर्वी युरोपात शार्लमेन नावाचा मोठा बादशहा होऊन गेला. त्याच्या हुकुमांवर त्याच्या ‘कारोलुस’ या नावाची अक्षरं फुलीच्या चार टोकांना आणि मधल्या चौकटीत मांडलेली दिसतात. ती आकृती काढायचा कारकून. बादशहा फक्त मधली एक छोटी रेघ ओढायचा, की हुकूम पक्का! कारण त्याला लिहिता येत नव्हतं. म्हातारपणी तो उशीखाली पाट्या ठेवून अक्षरं गिरवायचा, असं त्याच्या चरित्रकारानं लिहून ठेवलंय. प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला बसलेल्या आपल्या बायकांना हे ऐकून बरं वाटेल.

आपल्याकडे राजाच्या पत्रावर मुद्रा उठायची. शिवाजी महाराजांची आठकोनी मुद्रा आपण चित्रांत पाहिलेली असते. साताऱ्याला शाहू महाराजांची गादी होती, तेव्हा पेशव्यांच्या शिक्क्यातही आधी शाहूराजांचं नाव यायचं आणि मग ‘प्रधान’ म्हणून पेशव्यांचं. मुद्रा कागदाच्या माथ्यावर. मजकूर संपला की खाली दुसरा लहान शिक्का, तो मोर्तब. त्याचा अर्थ, लिहिण्याची मर्यादा इथं संपली. याखाली कुणी एक ओळ वाढवली तर ती खोटी. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण लग्न ठरलं तरी वापरतो, तो या दोन शिक्क्यांवरून आलेला आहे.

पण गावातल्या माणसाकडे शिक्का कुठला? जमिनीचा निवाडा झाला, वतनाची वाटणी झाली, की कागद कुलकर्णी लिहायचा आणि ज्याला लिहिता येत नाही त्याच्या नावाशेजारी त्याची निशाणी यायची. पाटलाचा नांगर. व्यापाऱ्याचा तराजू. कारागिराचं त्याच्या धंद्यातलं हत्यार. आणि बाईची निशाणी बांगडी.

इथं आम्ही जरा थांबलो. नांगर म्हटला की शेती आली, तराजू म्हटला की दुकान आलं. बाईसुद्धा खुरपत होती, दळत होती, विकत होती. पण कागदावर तिची खूण खुरपं नाही, जातं नाही, बांगडी. शिवाय बांगडी म्हणजे एक गोल. ह्या सखूचा गोल आणि त्या सखूचा गोल वेगळा कसा ओळखायचा? शेजारी कुलकर्ण्यानं जे नाव लिहिलं तेच खरं. तरीही ज्या कागदावर बांगडी आहे, तिथं त्या बाईची संमती कुणाला तरी घ्यावी लागली होती, एवढं तो गोल सांगतो.

मग इंग्रजी अमलात अंगठा आला. 1858 साली बंगालमध्ये हर्शेल नावाच्या अधिकाऱ्यानं एका ठेकेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढं 1897 साली कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. गंमत अशी, की अंगठ्यासारखी पक्की खूण दुसरी नाही; दोन माणसांचे ठसे सारखे नसतात. पण आपल्या बोलण्यात ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी झाली. सही करणारा शहाणा, अंगठा देणारा अडाणी.

याचा फटका आपल्याच जिल्ह्यात बसला. माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा आणि गावच्या बायका महिलांची बँक काढायला निघाल्या. रिझर्व्ह बँकेनं अर्ज नाकारला. प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही, हे कारण. बायकांनी वर्ग सुरू केले, दिवसभराच्या कामानंतर अक्षरं गिरवली. काही महिन्यांनी त्या पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सही शिकल्या खऱ्या, पण हिशेब त्यांना आधीपासूनच येत होता.

सही आली तरी सही कुठं करायची हा प्रश्न राहतोच. माहेरी बोलावणं येतं, भाऊ प्रेमानं जेवू घालतो, आणि हक्कसोडपत्र पुढं येतं. 2005 च्या कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतका वाटा दिला. तो सोडायचा की नाही, हे ज्या त्या बहिणीनं ठरवावं. आम्ही कोण सांगणार? पण मजकूर वाचून घ्यावा, कोऱ्या कागदावर सही देऊ नये, आणि मजकूर जिथं संपतो तिथंच लगोलग सही करावी, मध्ये जागा ठेवू नये. मोर्तब त्याचसाठी तर होतं.

आता रेशन दुकानात यंत्रावर पुन्हा अंगठाच लागतो. आणि ऊस तोडून, भांडी घासून, खुरपून ज्यांची बोटं झिजली, त्यांचा ठसा यंत्राला कळत नाही.