न्यूगेटच्या बंदिवान स्त्रियांनी हात वर केले तेव्हा

लंडन, १८१३. न्यूगेट तुरुंगाच्या स्त्री विभागात सुमारे ३०० स्त्रिया आणि त्यांची लेकरे दाटीवाटीने कोंडलेली होती. शिक्षा झालेल्या आणि खटल्याची वाट पाहणाऱ्या, साऱ्या एकत्र. क्वेकर पंथाच्या एलिझाबेथ फ्राय तेथे प्रथम गेल्या त्या तान्ह्या मुलांसाठी उबदार कपडे घेऊन.

पुढे घरच्या अडचणींमुळे खंड पडला. १८१६च्या अखेरीस त्या परतल्या. आधी मुलांसाठी शाळा निघाली, मग स्त्रियांना शिवणकाम मिळाले. १८१७मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या मंडळाने वर्तनाचे नियम तयार केले. पण ते लादले नाहीत. एकेक नियम वाचून दाखवला जाई आणि बंदिवान स्त्रिया हात वर करून संमती देत. त्या काळी इंग्लंडमधील कुठल्याच स्त्रीला संसदेसाठी मताधिकार नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे!

फ्राय बायबल वाचत, ते ऐकायला प्रतिष्ठित मंडळीही येऊ लागली. कैद्यांच्या दुःखाचा असा देखावा होणे खटकतेच.

सत्तेपुढे मात्र ही प्रतिष्ठा तोकडी ठरली. खोट्या नोटा खपवल्याबद्दल हॅरिएट स्केल्टनला फाशी ठोठावली गेली. तिच्यासाठी फ्राय यांनी बँक ऑफ इंग्लंडपासून गृहमंत्री लॉर्ड सिडमथपर्यंत दाद मागितली. सिडमथ उलट दुखावले. १८१८मध्ये हॅरिएट फासावर गेली.

१८२३च्या कायद्याने स्त्री कैद्यांवर स्त्री पहारेकरीच नेमणे बंधनकारक केले. तो पाळला जातो की नाही, हे पाहणारे सरकारी निरीक्षक मात्र १८३५च्या कायद्यानंतरच आले.