रामलिंगची डोंगरधार

धाराशिव जिल्ह्यांत इतिहास पाहावयास म्हणून जो येतो तो नळदुर्ग पाहतो, परांड्याचा किल्ला पाहतो, तुळजापुरीं भवानीचें दर्शन घेतो आणि फार झालें तर तेरच्या त्रिविक्रमापुढें घटकाभर उभा राहून परततो. येडशीजवळच्या रामलिंग घाटाचें नांव त्याच्या टिपणांत सहसा नसतें. तेथें तट नाहीं, बुरूज नाहीं. दरींत महादेवाचें देऊळ, पावसाळ्यांत खळाळणारा ओढा, निर्भय झालेलीं वानरें आणि भोंवतीं धावडा, खैर व सीताफळीचें विरळ रान, एवढीच काय ती तेथील संपत्ति. देवळाकडून चढण चढावी, डोंगराच्या धारेवर यावें, अर्धा-पाऊण तास तिच्यावरून चालावें आणि उतरावें. प्रवास म्हणावा तर तो इतकाच. तथापि ज्यास इतिहास हा केवळ दगडी भिंतींत सांठलेला असतो असें वाटत नाहीं, त्यानें ही चाल चुकवूं नये.

ही धार बालाघाटाची आहे. तिच्या पूर्वेस पडलेलें पाणी तेरणेस मिळतें, तेरणा मांजरेस आणि मांजरा गोदावरीस. पश्चिमेकडचें पाणी सीनेच्या वाटेनें भीमेंत, व पुढें कृष्णेंत जातें. निसर्गानें घातलेल्या या मर्यादेच्या आसपासच माणसांनींहि आपली मर्यादा घातली. खालचें बार्शी इंग्रजी अमलाच्या सोलापूर जिल्ह्यांत, वरचें येडशी निजामाच्या राज्यांत. पलीकडील मालावर करोडगिरी भरावी लागे. ज्या धाराशिवास शेवटच्या निजामाचें नांव चिकटलें होतें, त्यास स्वतःचें नांव अधिकृतपणें परत मिळावयास 2023 साल उजाडावें लागलें.

ही मर्यादा ओलांडली ती एका खेळण्यासारख्या आगगाडीनें. एव्हरर्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज एंजिनियरानें अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे 1897 मध्यें कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत आणली. ती 1907 मध्यें घाट चढून तडवळ्यास व 1911 मध्यें लातुरास पोंचली. अरुंद रूळ डोंगराच्या कुशीला बिलगून आखूड वळणें घेऊं शकतात. रुंद मार्गाला तेथें मोठी खोदाई करावी लागली असती. लातूरकडचा कापूस या वाटेनें बार्शीस उतरूं लागला. येडशीच्या पुढें ही गाडी ज्या तेरवरून जाई, तेंच प्राचीन तगर. तेथील कापड गाड्यांवर लादून, धड वाटा नसलेल्या मुलखांतून भडोचास नेत, असें पहिल्या शतकांतील एका ग्रीक ग्रंथांत नमूद आहे. अठराशें वर्षांच्या अंतरानें त्याच गांवांतून पुन्हां कापूस समुद्राकडे निघावा, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांस कधींच सांगण्याजोगी वाटली नाहीं! 2008 मध्यें रुंद मार्ग पुरा झाला तो धाराशिव शहरावरून वळवून, आणि चिमुकली गाडी इतिहासजमा झाली.

रामलिंगाची कथा मात्र कोणत्याहि गाडीहून जुनी. सीतेस सोडवूं पाहणारा जटायु येथेंच पडला, आणि त्याची तहान भागवावी म्हणून रामानें बाण मारून पाणी काढलें, असें लोक सांगतात. जटायूच्या समाधीचीं स्थळें देशांत अनेक आहेत, हें खरें. परंतु या कोरड्या मुलखानें आपल्या कथेंत युद्धापेक्षां पाण्याला अधिक महत्त्व द्यावें, यांत मला तरी भूगोलाचा हात दिसतो.

1997 मध्यें येथील सुमारें बावीस चौरस किलोमीटर रान अभयारण्य ठरलें. तेव्हांपासून 'विकास' हा शब्द अधूनमधून ऐकूं येतो: फरसबंदी व्हावी, कठडे व्हावेत, धारेवर बसावयास छत्र्या व्हाव्यात. देवळाशीं यात्रेकरूंची सोय व्हावी, यास कोण नाहीं म्हणेल? धारेवर मात्र यांतलें एकहि नको, असें माझें स्पष्ट मत आहे. डिसेंबर 2024 मध्यें वनखात्याच्या कॅमेऱ्यांत येथें एक वाघ दिसला. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरचा असल्याचें ओळखलें गेलें. शेतें, सडका व गांवें चुकवीत चारशें किलोमीटरांहून अधिक वाट त्यानें तोडली होती, आणि एवढ्या मुलखांतून त्याला थांबावेंसें वाटलें तें या बावीस चौरस किलोमीटरांत.