वारुळातले पाहुणे

साकीनाक्याच्या चौकात वारूळ शोधू गेलो तर हाती धुळीशिवाय काही लागणार नाही. तेथून पवई-विहारच्या रानाकडे वळलो, की मातीचे उंचवटे दिसू लागतात. वारूळ म्हटले की आपल्याला नाग आठवतो. नाग त्यात शिरतो, ते बांधते मात्र वाळवी, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पण नागाहून विलक्षण पाहुणे वाळवीच्या पायांत वावरत असतात, आणि त्यांच्या शोधाचा एक धागा मुंबईच्या एका प्राध्यापकापर्यंत पोहोचतो.

आपल्याकडची वारूळ बांधणारी वाळवी आत बुरशीची शेती करते. लिनियसचे शिष्य योहान क्योनिग यांनी दक्षिण भारतातील वाळवीविषयी १७७९ मध्येच लिहिले होते. या शेताच्या आसऱ्याने इतर कीटकही राहतात. त्यांतली एक माशी तर माशी वाटतच नाही. पंखांच्या जागी नुसते खुंट, पोट फुगून मोठे झालेले! १९०० साली एरिक वास्मान या जेझुइट कीटकतज्ज्ञांनी युरोपात बसून तिचे वर्णन केले आणि ‘टर्मिटॉक्सेनिया’ हे नाव दिले. भारतातले नमुने त्यांना अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातून हाइम या मिशनऱ्याने पाठवले होते. तेथले ठाणे कागदोपत्री ‘वॉलन’ असे नोंदलेले आहे, म्हणून वाळवीच्या एका जातीचे नाव ‘ओडोंटोटर्मिस वॉलनेन्सिस’ पडले.

मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणारे योसेफ आस्मुट यांनी हे काम पुढे नेले. शिकवणे सांभाळून त्यांनी खंडाळ्याला आणि मुंबईच्या आसपास वाळवी गोळा केली. स्वीडनच्या निल्स होल्मग्रेन यांनी त्या संग्रहावर लिहिलेले लेख १९१२-१३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. १९१० मध्ये आस्मुट यांनी या माशीच्या शरीररचनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. पुढे पहिल्या महायुद्धात मुंबईच्या जर्मन जेझुइटांना देश सोडावा लागला. आस्मुट नंतर न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात शिकवू लागले.

वास्मान यांचे म्हणणे होते, की ही माशी उभयलिंगी आहे आणि तिला अळीची अवस्थाच नाही. आम्हांला हे प्रकरण वर्गात सांगण्याजोगे वाटते. मेलेल्या नमुन्याचे काप कितीही बारीक केले, तरी त्यातून प्राण्याचा जीवनक्रम पुरता उलगडत नाही. नंतरच्या संशोधकांना नर वेगळा सापडला, अळीही सापडली. ती अळी इतका थोडा वेळ अळी असते, की नजर चुकली तर कोषच दिसावा.