हेदवीची बामणघळ : जाण्याआधी भरतीची वेळ अशी काढा

गुहागर तालुक्यातलं हेदवी दशभुजा गणेशासाठी सगळ्यांना माहीत आहे. मात्र मुंबई उपनगरांतून येणारे बरेच जण दर्शन घेऊन परत फिरतात. समुद्रावर उमामहेश्वराचं मंदिर आहे आणि त्याच्या मागच्या काळ्या कातळात बामणघळ आहे. गुहागरहून अंतर साधारण २० ते २५ किमी. रेल्वेने येणाऱ्यांना चिपळूण सोयीचं.

घळ कशी तयार झाली?
कातळाला मुळातच भेगा असतात. लाटा वर्षानुवर्षं एकाच भेगेवर आदळल्या की भेगेतली हवा दाबली जाते, दगड सुटतो आणि फट आत आत वाढत जाते. ओहोटीला इथे नुसती अरुंद घळ दिसते. भरतीला लाट आत शिरते, पुढे वाट नसल्याने पाणी मोठा आवाज करत उंच उडतं. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो. कोकणात तो बराच कमी. इथली करामत आहे ती अरुंद घळीची.

वेळ कशी काढायची?
कोकणातला जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे ३. दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, ९ च्या सुमारास ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला भरती बारा-साडेबाराला येते. त्या सुमारास आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. हा अंदाज आहे. नक्की वेळ गावात विचारून घ्यावी.

काय सांभाळायचं?
फवारा बघायचा तर भरतीलाच जावं लागतं आणि धोकाही तेव्हाच असतो. पाणी चढत असताना जा, पण घळीच्या काठावर उभे राहू नका. दहा लाटा लहान येतात, अकरावी अंगावर येते. ओल्या कातळावरचं शेवाळ निसरडं असतं. फोटोसाठी समुद्राकडे पाठ करू नका, मुलांचा हात सोडू नका. पावसाळ्यात आणि उधाणाला कातळावर उतरूच नका.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गालाही हाच नियम : ओहोटी असेल तरच उतरायचं, पाणी चढायच्या आत वर यायचं. अडचणीत ११२ वर फोन करा.