सौंसरचा चर्ट: एका नमुन्याची ओळख आणि त्याचे वय

वनस्पतिसंग्रहालयात दाबून वाळवलेल्या नमुन्याची ओळख चुकल्याचे नंतरच्या अभ्यासकाला वाटले, तर तो जुनी चिठ्ठी काढून टाकत नाही, तर तिच्या शेजारी स्वतःचे नाव व तारीख घालून नवी चिठ्ठी लावतो. दुरुस्तीचा हा प्रामाणिक रिवाज जीवाश्मांच्या अभ्यासातही पाळला जातो आणि त्याचे बोलके उदाहरण तिगाव, पांढुर्णा, सौंसर या संत्र्यांच्या मराठीभाषक मुलखाने पुरवले आहे. दख्खनच्या दोन लाव्हाप्रवाहांमधील शांत काळात जी तळी साचली, त्यांच्या गाळाला आंतर-ट्रॅप थर म्हणतात. त्यातील वनस्पती सिलिका झिरपून चर्टमध्ये, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या कठीण खडकात, पेशींसकट टिकून राहिल्या.

लखनौचे बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांना सौंसरच्या चर्टमध्ये ॲझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याचे अवशेष सापडले. असा चर्ट कापून त्याची चकती कार्बोरंडमच्या भुकटीवर प्रकाश आरपार जाईपर्यंत झिजवावी लागते, तेव्हा कुठे सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचे पुंजके दिसू लागतात. या पुंजक्यांवरूनच साहनींनी १९४१ मध्ये ‘ॲझोला इंटरट्रॅपिया’चे सविस्तर वर्णन केले, पुढे १९४३ मध्ये दोघांनी तेथील एका शैवालाला ‘कारा सौसरी’ हे नाव दिले, त्यामुळे या गावाचे नाव वनस्पतिशास्त्रात कायमचे नोंदले गेले.

ओळख अचूक होती. चुकला तो तिच्यावरून बांधलेला काळ. ॲझोलाचे जीवाश्म तोवर तृतीयक, म्हणजे डायनोसॉर नामशेष झाल्यानंतरच्या, काळातीलच ठाऊक होते, शिवाय या थरांत ताडकुळातील वनस्पतींची रेलचेल होती, म्हणून दख्खनचा लाव्हा त्याआधीच्या क्रिटेशस नव्हे तर तृतीयक काळातला असल्याचे मत साहनी १९३४ पासून मांडत होते. हाती असलेल्या पुराव्यावर ते मत रास्तच होते, आणि त्याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. तथापि १९६०च्या दशकात उत्तर अमेरिकेत क्रिटेशस काळातील ॲझोला मिळाली, १९८०च्या दशकात आर्गॉन वायूच्या मोजणीवरून लाव्हाचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे, म्हणजे क्रिटेशसच्या अगदी अखेरीचे, निघाले, आणि छिंदवाड्याच्या मोहगाव कलाँ येथील परागकणांनीही १९९८ मध्ये त्याच काळाकडे बोट दाखवले. सौंसरच्या ॲझोलाचे नाव त्यामुळे बदलले नाही, तिचे वय मात्र बदलले.

ताडांचा पुरावा तर पुरता उलटा फिरला. २०१९ मध्ये मध्य भारताच्या आंतर-ट्रॅप थरांतील ‘हायफिनिओकार्पॉन’ या फळाची क्ष-किरण सीटी तंत्राने फेरतपासणी झाली, तेव्हा ताड ज्यात मोडतो त्या गटाचा उगम क्रिटेशस काळातच झाल्याचा निष्कर्ष निघाला. ज्या कुळाच्या विपुलतेमुळे थर तृतीयक ठरले होते, त्याच कुळाचा इतिहास आता या थरांवरून अधिक मागे न्यावा लागला.