लगीन कोणाचं?

आमच्या विरारच्या घरात खिडक्या चार आणि पडद्यांविषयी मतं पाच. पाचवं माझं. ते जमेस धरण्याची पद्धत नाही. त्यामुळे यंदा उन्हाळ्यात हिने वसईहून पडद्यांचं कापड आणलं, तेव्हा मी फक्त बिल तपासलं. बेरीज बरोबर होती. बिल माझ्या नावावर होतं, हेही ओघानं आलंच.

कापड ‘वारली डिझाइन’चं. निळ्या जमिनीवर गुलाबी माणसं. मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती एकमेकांना धरून नाचणारी मंडळी. शिंप्याने पडदा शिवताना तारपेवाला नेमका खालच्या दुमडीत घातला. आता आमच्या खिडकीत सोळा माणसं वाद्याविना नाचतात. ‘‘हे नाचतात कुणाच्या तालावर?’’ असं मी हिला विचारलं. हिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. उत्तर मिळालं.

पावसाच्या तोंडावर शेवळं आणि काकडं घेऊन पूर्वेच्या पाड्यावरची एक वारली मावशी आमच्याकडे येते. पाणी पिता पिता तिची नजर पडद्यावर गेली. कोपऱ्यातल्या नक्षीदार चौकोनाकडे बोट करून ती म्हणाली, ‘‘चौक काढलाय. लगीन कोणाचं हाय, ताई?’’

आमच्याकडे लग्नाचं कोणी नाही. चिरंजीव अकरावीत आहेत आणि तिथेच राहण्याचा त्यांचा विचार दिसतो. हिने तसं सांगितलं. मावशी हसली. ‘‘मग चौक कशाला?’’

ह्या प्रश्नाचं उत्तर बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हतं. म्हणून मी या वयात इतिहासाची पुस्तकं उघडली.

तर मंडळी, आपण ज्याला डिझाइन म्हणतो, ते मुळात लग्नाचं दप्तर आहे. वारल्यांच्या घरी लग्न निघालं की सारवलेल्या, गेरूने लाल केलेल्या भिंतीवर सवाशिणी लग्नचौक काढतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करायचा, की सामग्री तयार. रंग एकच, पांढरा. चौकाच्या आत पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. चौक नाही तर लग्न नाही! रजिस्ट्रार, दाखला आणि निमंत्रणपत्रिका, तिन्ही एकाच भिंतीवर. खाली सही मात्र कोणाचीच नाही.

सही आली ती कागदाबरोबर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार डहाणूकडच्या पाड्यांवर कागद घेऊन गेले. त्याआधी ह्याच गृहस्थांनी बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांच्या हाती कागद दिला होता. इकडे मात्र पुढे आला तो एक पुरुष. गंजाडचे जिव्या सोमा मशे. लहानपणी आई गेली तेव्हा हा मुलगा बोलायचाच थांबला होता आणि धुळीत चित्रं काढून मनातलं सांगत होता. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले. लग्नाचा चौक त्यांनी रोजच्या जगण्यापर्यंत आणला: शेती, मासेमारी, नाच. माणूस मोठा, वादच नाही. पण त्यांच्यामागून जी नावं कागदावर चढली, ती बहुतेक पुरुषांचीच. खातं बायकांचं, सही पुरुषाची.

‘‘आपल्या पडद्यांच्या बिलासारखं,’’ ही म्हणाली. मी पान उलटलं.

कागदामागून कापड आलं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले, वर एक गोल ठेवला, की वारली माणूस होतो. कापड छापणाऱ्याला याहून सोयीचं काय? भिंतीवर प्रत्येक माणूस वेगळा काढावा लागतो. स्क्रीनवर एकच माणूस दर अर्ध्या मीटरला पुनर्जन्म घेतो. साडी, कुर्ता, चादर, पिशवी... सुटलं काय? २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी १ ऑगस्टला आमचा पालघर जिल्हाही झाला. मानांकन म्हणजे आमच्या बँकेच्या भाषेत साऱ्या जमातीची नमुना सही.

मी पडदा उलटसुलट करून पाहिला. सही नाही, गावाचं नाव नाही. चौकाच्या आत, जिथे पालघट असायची, तिथे एक नारळाचं झाड. कडेला शिवलेली पट्टी मात्र होती: ‘कोमट पाण्यात धुवावे.’

माझं अर्धं आयुष्य सह्या जुळवण्यात गेलं. सहीची शेपटी उजवीकडे वळली नाही म्हणून मी माणसाला त्याचेच पैसे नाकारले आहेत. आणि इथे बायकांनी पिढ्यान्पिढ्या भरलेली ठेव कोणीही यावं नि काढून न्यावी. स्लिपसुद्धा न भरता!

पुढच्या खेपेला हिने मावशीला विचारलं, ‘‘तुम्ही काढता का चौक?’’

‘‘काढायची. आता मालक गेला. लग्नाचा चौक सवाशिणीनंच काढायचा.’’ ती शेवळं मोजत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘नातीला कागदावर शिकवते.’’

यावर विनोद सुचला नाही. सुचायलाही नको होता.

पंधरा दिवसांनी शेवळ्यांच्या टोपलीतून एक कागद आला. शाळेच्या वहीचा, गेरू फासलेला. तारपेवाला मधोमध, शाबूत. एका बाईच्या डोक्यावर टोपली. ही बाई कोण, ते विचारावं लागलं नाही. खाली कोपऱ्यात शाळकरी अक्षरात मुलीचं पूर्ण नाव आणि तारीख. मावशी नको नको म्हणत असताना हिने पैसे दिले, आणि या वेळी बिल मागायचं मलाही सुचलं नाही.

दिनांक बरोबर होता. अक्षरी नाव स्पष्ट होतं. सही जुळवायला जुनी सही कुठेच नव्हती. ही पहिलीच. मी तो कागद पास केला आणि पडद्याच्या शेजारी भिंतीवर लावला.